आत्मचित्रातील प्रथमपुरुष : वान आयक ते रेम्ब्रांट

१

चित्रकाराने आरशात पाहून स्वतःचीच मुद्रा रेखाटली, तर त्या कृतीस आपण आत्मचित्र म्हणतो. हा शब्द आत्मचरित्र या शब्दाशेजारी ठेवला की दोहोंचा साचा एकच असल्याचे ध्यानात येते. आणि साचा एक असल्यावर आशयही एकच असावा, असे मन नकळत धरून चालते. आत्मचरित्रकार स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगतो व सांगता सांगता आपले अंतरंगही उघड करतो. त्याअर्थी आत्मचित्रकारानेही रेषांच्या व रंगांच्या द्वारा तेच केले असले पाहिजे, असा हा तर्क आहे. रेम्ब्रांटच्या उतारवयातील चित्रांपुढे उभे राहून त्याच्या दिवाळखोरीचे व वियोगाचे दुःख त्या मुखावर वाचणारा प्रेक्षक आणि त्याच्या चित्रमालिकेला 'रंगांतील रोजनिशी' ठरविणारा चरित्रकार, हे दोघेही याच तर्कावर विसंबून असतात.

प्रस्तुत लेखात या तर्काची तपासणी करावयाची आहे. चित्रातील भावना व चित्रकाराची ओळख यांविषयी बोलण्याचा पहिला अधिकार कलेतिहासकाराचा, हे मान्य करूनही भाषेच्या अभ्यासकाला येथे बोलण्यास थोडी जागा आहे. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील कित्येक आत्मचित्रे मुकी नाहीत. त्यांच्या चौकटीवर अथवा पार्श्वभूमीवर अक्षरे आहेत. त्या अक्षरांत 'मी' आहे, क्रियापद आहे, काळ आहे, आणि लिहिणाऱ्याने अनेक भाषांतून निवडलेली एक भाषाही आहे. मुखावरील भावाचा अर्थ लावताना मतभेद संभवतात. पण क्रियापदाचा पुरुष व काळ यांबाबत तितका मतभेद संभवत नाही. तेव्हा या लेखांपासून आरंभ करून, जेथे अक्षरे विरळ होत जातात त्या रेम्ब्रांटपर्यंत जावे, हा मार्ग मला निर्धोक वाटतो.

आणखी एक गोष्ट प्रारंभीच नोंदविली पाहिजे. युरोपातील बहुतेक भाषांत आत्मचित्र या अर्थाचा स्वतंत्र शब्द एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये अशा चित्राचा उल्लेख 'रेम्ब्रांटची प्रतिमा, त्याने स्वतः काढलेली' अशा वाक्खंडाने केला जाई. वस्तू होती, तिला गिऱ्हाईकही होते. नाव मात्र नव्हते. शब्द नाही म्हणून कल्पनाही नाही, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. परंतु उत्तरकालीन शब्दाबरोबर आलेली कल्पना पूर्वकालीन वस्तूवर लादणेही तितकेच उतावीळपणाचे आहे. त्या वाक्खंडात दोन स्वतंत्र माहित्या आहेत: चित्र कोणाचे, आणि हात कोणाचा. या दोहोंची गाठ केव्हा व कशी पडली, हाच खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

२

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान वान आयक याने रंगविलेले तांबडे शिरोवस्त्र गुंडाळलेल्या पुरुषाचे एक लहानसे चित्र आहे. चित्राची चौकट मूळचीच असून तिच्या खालच्या पट्टीवर लॅटिन भाषेत लेख आहे. त्याचा आशय असा की, यान वान आयकने मला १४३३ साली २१ ऑक्टोबर रोजी घडविले. वरच्या पट्टीवर फ्लेमिश भाषेतील, परंतु ग्रीक वळणाच्या अक्षरांत लिहिलेले ब्रीद आहे: 'आल्स इख् कान्', म्हणजे 'जसे मला साधते तसे'. त्यातील 'इख्' म्हणजे 'मी'. आणि या 'इख्'चा उच्चार 'आयक' या आडनावाशी जुळवून चित्रकाराने श्लेष साधला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

खालच्या पट्टीवरील 'मला' कोणाला लागू पडते? मध्ययुगीन युरोपात घंटा, तलवारी, पात्रे इत्यादी वस्तूंवर 'अमक्याने मला केले' असे कोरण्याची प्रथा होती. तेथे बोलणारी ती वस्तू असे. कारागीर तृतीयपुरुषात राही. वान आयकने हीच जुनी शब्दयोजना घेतली. म्हणून व्याकरणदृष्ट्या येथे फळी बोलत आहे, मनुष्य नव्हे. परंतु त्या फळीवर एक मुख आहे, त्याचे डोळे प्रेक्षकाकडे रोखलेले आहेत, आणि त्या मुखाखाली 'मला' असा शब्द वाचला की तो त्या मुखातूनच निघाल्यासारखा वाटतो. हे मुख चित्रकाराचेच असेल, तर 'यानने मला घडविले' या वाक्यातील कर्ता व कर्म एकच ठरतात, आणि तरीही वाक्य दोघांना वेगळे ठेवते.

येथे 'असेल तर' हे शब्द आवश्यक आहेत, कारण हे आत्मचित्रच आहे असे चौकटीवर कोठेही म्हटलेले नाही. ब्रीदातील श्लेष, रोखलेली दृष्टी व आरशातील प्रतिबिंबाला शोभणारी मानेची ठेवण, यांवरून ते तसे मानले जाते. याला पूरक असा पुरावा ब्रूझ येथील संग्रहालयात आहे. १४३९ साली वान आयकने आपली पत्नी मार्गारेट हिचे चित्र रंगविले. त्याच्या चौकटीवरील लेखाचा आशय असा की, माझा पती यान याने मला १७ जून १४३९ रोजी पूर्ण केले, आणि माझे वय तेहतीस वर्षांचे होते. येथे 'मला' हा शब्द अजून फळीला लागू पडू शकतो. पण 'माझा पती' व 'माझे वय' हे शब्द फळीला लागू पडत नाहीत. सहा वर्षांच्या अंतराने तीच शब्दयोजना वस्तूच्या मुखातून व्यक्तीच्या मुखात सरकली आहे. अर्थात ही पत्नी स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने 'मी' म्हणणारा तिचा पतीच आहे. चित्रातील प्रथमपुरुषाच्या इतिहासाचा आरंभ असा होतो. 'मी' हे सर्वनाम चौकटीवर आलेले आहे. त्यावर मालकी कोणाची, हे अद्याप निश्चित व्हावयाचे आहे.

एमील बेनव्हेनिस्त याने १९५६ साली सर्वनामांच्या स्वरूपाविषयी लिहिताना दाखवून दिले की, 'मी' या शब्दाला कोणताही कायमचा वाच्यार्थ नाही. ज्या क्षणी जो बोलतो, त्या क्षणी तो 'मी' असतो. पुढच्याच वर्षी रोमान याकोबसन यानेही अशा शब्दांच्या वर्गाचे विवेचन केले. 'मी', 'येथे', 'आता' हे शब्द उच्चारणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतात. बोलण्यात ही गोष्ट सहज पार पडते, कारण बोलणारा समोर असतो. चित्रात मात्र बोलणारा निघून गेलेला असतो व त्याचा 'मी' मागे उरतो. आत्मचित्राची सारी अडचण आणि सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

३

या रिकाम्या स्थानावर उघडपणे हक्क सांगणारा पहिला मोठा चित्रकार म्हणजे न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८). व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहात त्याने वयाच्या तेराव्या वर्षी रुप्याच्या लेखणीने काढलेले स्वतःचे रेखाचित्र आहे. पुढे केव्हातरी प्रौढपणी त्याने त्यावर जर्मनमध्ये टीप लिहिली. तिचा आशय असा की, १४८४ साली मी अजून मूल असताना आरशातून पाहून हे स्वतःवरून काढले. येथे वस्तू बोलत नाही, ड्यूरर बोलतो. परंतु बोलणारा ड्यूरर आणि रेखाटलेला ड्यूरर यांत वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर 'मूल असताना' या शब्दांनी त्याने स्वतःच मोजून दाखविले आहे. हे जवळजवळ आत्मचरित्रातील वाक्य आहे. मात्र ते चित्रात नसून चित्रावर नंतर केलेल्या नोंदीत आहे, हा भेद विसरता कामा नये.

यानंतर तीन रंगचित्रे येतात. लूव्रमधील १४९३ च्या चित्रात तरुण ड्यूरर हातात काटेरी फुलांची डहाळी धरून उभा आहे. वर दिलेल्या यमकबद्ध जर्मन ओळींत, आपल्या गोष्टी वरून ठरेल तशा चालतात, असे तो म्हणतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील १४९८ च्या चित्रात तो हातमोजे घातलेला, उंची वस्त्रे ल्यालेला, खिडकीपाशी बसलेला गृहस्थ आहे. तेथील जर्मन लेखाचा आशय, आपण हे स्वतःच्या रूपावरून रंगविले व आपले वय सव्वीस होते, असा आहे. न्यूरेंबर्गमध्ये चित्रकाराची गणना कारागिरांतच होई. चित्रातील वेष मात्र कारागिराचा नाही. चित्रकार कोण आहे यापेक्षा तो स्वतःला कोणत्या पंक्तीत बसवू पाहतो, हे या वस्त्रांतून कळते. ओळख ही येथे कबुली नसून मागणी आहे.

म्यूनिकच्या जुन्या चित्रसंग्रहालयातील १५०० सालचे चित्र या मागणीची परिसीमा होय. ड्यूरर सरळ समोर पाहत आहे; केस दोन्ही खांद्यांवर समान पसरले आहेत; उजवा हात छातीपाशी आहे. अशी सन्मुख, समतोल मांडणी त्या काळी ख्रिस्ताच्या मुखचित्रासाठी राखलेली असे. डाव्या बाजूस सन व आद्याक्षरांची मुद्रा आहे. उजव्या बाजूस लेख आहे, आणि तो आता लॅटिनमध्ये आहे. आशय असा: मी, न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःला स्वकीय रंगांनी असा घडवीत होतो.

या लेखातील तीन गोष्टी विचारणीय आहेत. पहिली, भाषेची निवड. १४९३ व १४९८ मध्ये घरची भाषा होती. येथे विद्वानांची भाषा आली. आपले नाव व गाव दोन्ही लॅटिन रूपात घालून ड्यूररने आपला 'मी' मानवतावादी पंडितांच्या सभेत नेऊन बसविला. दुसरी, 'स्वकीय' असे ज्याचे भाषांतर मी केले ते विशेषण. त्याचा अर्थ 'स्वतःचे' असाही होतो आणि 'यथोचित' असाही होतो. म्हणजे रंग चित्रकाराचे की चित्रविषयाचे, हे मुद्दाम संदिग्ध ठेवल्यासारखे दिसते. ज्या चित्रात दोघे एकच आहेत, तेथे ही संदिग्धता दोष ठरत नाही.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रियापदाचा काळ. ड्यूररने 'घडविले' असे पूर्ण भूतकाळी रूप वापरले नाही. 'घडवीत होतो' असे अपूर्ण भूतकाळी रूप वापरले. यामागे जुना संदर्भ आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या 'निसर्गेतिहासा'च्या प्रस्तावनेत सांगितले आहे की, अपेलीससारखे थोर कलावंत आपल्या कृतीवर अपूर्ण भूतकाळात नाव लिहीत. कृती अद्याप संपलेली नाही, सुधारणेस वाव आहे, असा विनय त्यात असे. याच सुमारास मायकेलअँजेलोने रोममधील 'पिएता' या शिल्पावर असेच अपूर्णकाळी क्रियापद कोरले. तेव्हा ड्यूररचा हा विनय प्राचीनांच्या पंक्तीचा मान सांगणारा विनय आहे.

मराठीत हा भेद विशेष स्पष्ट होतो. 'मी स्वतःला रंगविले' या वाक्यात भावे प्रयोग आहे. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी राहते आणि ते कर्त्यालाही अनुसरत नाही, कर्मालाही नाही. काम संपले आणि करणारा बाजूस झाला, असा त्याचा ध्वनी आहे. 'मी स्वतःला रंगवीत होतो' यात मात्र कर्तरी प्रयोग आहे. करणाऱ्याचे लिंग, वचन व पुरुष क्रियापदात टिकून राहतात. लॅटिनमध्ये पुरुषाची खूण दोन्ही काळांत असते, त्यामुळे हा फरक तेथे असाच पडतो असे नाही. तरीपण ड्यूररने जे साधले त्याचे वर्णन आपल्या व्याकरणाने अचूक होते: कृती पूर्ण झाल्यावरही करणारा कृतीतून बाहेर पडत नाही.

४

ड्यूररच्या या तीन चित्रांत ओळख भरपूर आहे. भावना फारशी नाही. मुख शांत, संयमित, जवळजवळ अभेद्य आहे. वेदना त्याने एकदा सांगितली, परंतु ती संग्रहालयासाठी रंगविलेल्या चित्रात नव्हे. ब्रेमेन येथील कलासंग्रहात त्याचे लेखणीने काढलेले व किंचित रंगविलेले एक लहान चित्र आहे. त्यात तो कंबरेपर्यंत उघडा असून उजव्या हाताच्या बोटाने पोटाच्या डाव्या बाजूस, पिवळ्या रंगाने दाखविलेल्या ठिकाणाकडे निर्देश करीत आहे. वर जर्मनमध्ये लिहिले आहे, त्याचा आशय असा: जेथे पिवळा डाग आहे व जेथे मी बोट दाखवीत आहे, तेथे मला दुखते. दूरच्या वैद्याला पाठविण्यासाठी हे काढले असावे, असा सर्वसाधारण समज आहे.

भाषाशास्त्रज्ञाला याहून निर्मळ उदाहरण सापडणे कठीण. 'तेथे' या शब्दाला बोटावाचून अर्थ नाही. बोटाला त्या डागावाचून अर्थ नाही. आणि 'मला' या शब्दाला त्या उघड्या देहावाचून अर्थ नाही. वर्तमानकाळही येथे खरा वर्तमान आहे. दुखणे चालू आहे. सर्व आत्मचित्रांत भावनेचे एवढे प्रांजळ निवेदन विरळाच. आणि हे निवेदन मुखावरच्या भावाने झालेले नसून निर्देशाने झाले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्याला खरोखरच आपले दुःख दुसऱ्यास कळवावयाचे होते, त्याने मुद्रेवर विश्वास ठेवला नाही. त्याने बोट दाखविले आणि शब्द लिहिले.

ओळखीच्या बाबतीत व्याकरण किती खोलवर काम करते, याचे दुसरे उदाहरण सतराव्या शतकातील आर्तेमीझिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीचे आहे. ब्रिटिश राजसंग्रहातील, १६३८–३९ च्या सुमाराचे म्हणून मानले जाणारे तिचे आत्मचित्र 'चित्रकला' या रूपकाच्या वेषात आहे. चेझारे रीपा याच्या प्रतीकविषयक कोशात चित्रकलेची मूर्ती वर्णिली आहे: विस्कटलेले केस, गळ्यात मुखवट्याचे पदक असलेली साखळी, आणि चित्र हे मूक काव्य म्हणून तोंडाला बांधलेले वस्त्र. इटालियनमध्ये चित्रकला हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून रूपकही स्त्रीचे. पुरुष चित्रकाराला 'मी चित्रकार' असे दाखविता येई. 'मी चित्रकला' असे दाखविण्यास त्याचे लिंग आड येई. आर्तेमीझियाने भाषेने मोकळी ठेवलेली ही जागा घेतली. तिने केस व साखळी ठेवली, आणि तोंडावरचे वस्त्र मात्र वगळले.

५

आता रेम्ब्रांटकडे (१६०६–१६६९) वळू. त्याने सुमारे चाळीस रंगचित्रांत व तीसहून अधिक कोरीव ठशांत स्वतःचे मुख रेखाटले. शिवाय काही रेखाचित्रे आहेत. आपल्या कालखंडातील अन्य कोणत्याही चित्रकाराने असा व इतका प्रदीर्घ उद्योग केलेला नाही. 'रंगांतील आत्मचरित्र' ही उपमा याच संख्येमुळे रूढ झाली. परंतु ड्यूररच्या चित्रांवर बोलणारी अक्षरे होती, ती येथे जवळजवळ नाहीशी झाली आहेत. उरली आहे ती सही व सन. सहीही तृतीयपुरुषी: 'रेम्ब्रांटने केले', आणि त्यातील 'केले' हेही बहुधा एकाच आद्याक्षरापुरते.

तथापि सहीचा इतिहास बोलका आहे. लायडनमधील तरुण वयात तो नाव, पित्याचे नाव व गाव यांच्या आद्याक्षरांची मुद्रा वापरी. १६३२ च्या सुमारास त्यात 'वान राइन' हे कुलनाम आले. १६३३ पासून मात्र केवळ 'रेम्ब्रांट' एवढेच पहिले नाव राहिले. इटलीतील राफाएल, तिशियन यांसारखे आचार्य एकाच नावाने ओळखले जात. त्या पंक्तीत आपणही बसावे, हा त्यामागील हेतू उघड आहे. १६३९ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे राफाएलने काढलेले कास्तिल्योनेचे चित्र लिलावात विकले गेले. रेम्ब्रांटने त्याचे भरभर रेखाटन केले व बाजूस ३,५०० गिल्डर ही किंमतही टिपून ठेवली. पुढल्याच वर्षीच्या, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या, आत्मचित्रात त्याने कठड्यावर हात टेकून बसण्याची जी ढब घेतली आहे, ती राफाएलच्या व तिशियनच्या चित्रांवरून आलेली आहे. ड्यूररने लॅटिनमध्ये जे म्हटले, ते रेम्ब्रांटने बसण्याच्या ढबीत म्हटले.

भावनेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १६३० सालच्या काही ठशांत तरुण रेम्ब्रांट डोळे विस्फारून, ओठांचा चंबू करून पाहतो. कोठे हसतो, कोठे रागाने भुवया आवळतो. त्यांतील विस्फारलेल्या डोळ्यांचा प्रसिद्ध ठसा जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीचा आहे. त्या दिवशी रेम्ब्रांट आश्चर्यचकित वा क्रुद्ध झाला होता, असा अर्थ यातून कोणी काढणार नाही. त्याचा शिष्य सामुएल वान होगस्ट्राटेन याने १६७८ च्या आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात, भावदर्शन साधण्यासाठी चित्रकाराने आरशापुढे उभे राहून स्वतः तो भाव धारण करावा व एकाच वेळी नट आणि प्रेक्षक व्हावे, असा उपदेश केला आहे. गुरूच्या चित्रशाळेतील परिपाठच त्याने सांगितला असावा. आपल्याकडील नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा अनुभाव आहे. त्यामागे चित्रकाराच्या मनातील स्थायी भाव असलाच पाहिजे, असे नाही. १६३० च्याच एका ठशात त्याने आपला चेहरा एका बसलेल्या भिकाऱ्याला दिला आहे. रोजनिशीत अशी नोंद कोणी करीत नाही.

मग उतारवयातील चित्रांचे काय? १६५६ साली रेम्ब्रांट कर्जापायी नादार झाला. त्याचा संग्रह व पुढे घरही विकले गेले. मुखावर दुःख शोधावयाचे तर ते त्यानंतरच्या चित्रांत सापडावयास हवे. परंतु न्यूयॉर्कमधील फ्रिक संग्रहातील १६५८ चे भव्य चित्र पाहा: सोनेरी वस्त्र, हातात काठी, बैठक एखाद्या राजाची. घटनांचा क्रम व मुद्रांचा क्रम जुळत नाहीत. १६६१ मध्ये तो प्रेषित पॉलच्या वेषात येतो. १६६९ या अखेरच्या वर्षातील लंडनच्या चित्राची क्ष-किरणांनी तपासणी केली असता, हातात आरंभी कुंचला होता व नंतर तो काढून हात एकमेकांत गुंफले, असे आढळले. चित्रकार म्हणून दिसावे की केवळ मनुष्य म्हणून, हा निर्णय त्याने रंगविताना बदलला. जे आपल्याला सहजोद्गार वाटते, त्यामागे निवड आहे.

याहून गंभीर इशारा हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातील चित्राने दिला आहे. गळ्याशी पोलादी पट्टी घातलेल्या तरुण रेम्ब्रांटचे, १६२९ च्या सुमाराचे हे चित्र दीर्घकाळ अस्सल मानले जात असे. न्यूरेंबर्ग येथे त्याचीच एक दुसरी आवृत्ती होती. ती प्रत समजली जाई. अवरक्त किरणांच्या साहाय्याने हेगच्या चित्राखाली काळजीपूर्वक केलेले आराखड्याचे रेखाटन दिसून आले. अशी पद्धत रेम्ब्रांटची नव्हती. १९९० नंतरच्या दशकात अभ्यासकांचे मत फिरले. न्यूरेंबर्गचे चित्र मूळ व हेगचे चित्र प्रत ठरले. म्हणजे ज्या मुखावर पिढ्यान्‌पिढ्या तरुण रेम्ब्रांटचे मन वाचले गेले, ते मुख दुसऱ्या कोणाच्या हाताने रंगविलेले होते. त्याच्या चित्रशाळेत शिष्य गुरूच्या आत्मचित्रांच्या प्रती करीत, हे ज्ञातच आहे. येथे 'चित्र कोणाचे' व 'हात कोणाचा' ही सतराव्या शतकाने शब्दांत वेगळी ठेवलेली गाठ पुन्हा सुटते. अर्न्स्ट वान द वेटरिंग यांच्यासारख्या संशोधकांनी या चित्रांकडे आत्मपरीक्षण म्हणून न पाहता प्रसिद्ध चित्रकाराचे मुख व त्याचे कौशल्य यांचा एकत्र नमुना म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले, ते या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे.

तरीही हा निर्णय सर्वस्वी मान्य करण्यास एक चित्र आड येते. लंडनच्या केनवूड हाऊसमधील, १६६५ च्या सुमाराच्या चित्रात वृद्ध रेम्ब्रांट रंगफळी व कुंचले घेऊन उभा आहे. मागे दोन मोठी वर्तुळे आहेत. क्ष-किरणांनी दिसून आले की, प्रथम त्याने आरशात दिसले तसेच, म्हणजे डाव्या हाताने रंगविणारा, असे स्वतःला काढले होते. नंतर त्याने हातांची अदलाबदल केली. आरसा जे दाखवितो तो समोरचा 'तो' असतो. डावे उजवे झालेला, आपल्याकडे पाहणारा परका. उजव्या हातात कुंचला आहे, हे डोळ्याला दिसत नव्हते. ते त्याला आतून ठाऊक होते. त्याने दिसलेले खोडून जाणलेले ठेवले. व्हॅन गॉगने १८८९ च्या जानेवारीत जखमी कानाचे आत्मचित्र केले, तेव्हा जखम डाव्या कानाला असूनही पट्टी उजव्या बाजूस दिसते. त्याने आरशाची साक्ष तशीच राहू दिली. दोन्ही पर्याय कलेला मान्य आहेत. परंतु रेम्ब्रांटच्या त्या दुरुस्तीत तृतीयपुरुषाचा प्रथमपुरुष होताना आपण प्रत्यक्ष पाहतो. ही आत्मभिव्यक्ती आहे; मात्र ती डोळ्यांतील कारुण्यात नसून हातांच्या जागेत आहे.

६

प्रथमपुरुष हीच आत्मकथनाची एकमेव वाट, असे मानणे मात्र चूक होईल. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहातील, १६१५–१८ च्या सुमाराच्या एका मोगल चित्रात जहांगीर बादशहा राजेलोकांना बाजूस ठेवून एका सूफी शेखाला ग्रंथ देत आहे. खाली डाव्या कोपऱ्यात, तुर्की सुलतान व इंग्लंडचा राजा यांच्याही खाली, हातात लहानसे चित्र धरलेला एक पुरुष उभा आहे. तो चित्रकार बिचित्र स्वतःच, असे सामान्यतः मानले जाते. त्याचे नाव बादशहाच्या पायाखालील चौरंगावर लिहिलेले आहे. ड्यूररने आपले नाव आपल्या डोळ्यांच्या रेषेत लिहिले. बिचित्राने धन्याच्या पावलाखाली. दोघांनीही आपापल्या समाजातील स्थान सांगितले, आणि दोघांचेही विधान तितकेच स्पष्ट आहे.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. आपल्या संतकवींनी अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव तृतीयपुरुषात घातले. 'तुका म्हणे' या नाममुद्रेत 'मी' नाही. पण त्यामुळे तुकोबांच्या वाणीतील आत्मनिवेदन उणे झाले, असे कोणी म्हणणार नाही. उलट, स्वतःकडे दुसरा कोणी म्हणून पाहण्याच्या या अंतरामुळेच ते निवेदन इतरांच्या तोंडी बसते.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा सांगता येईल. आत्मचित्र हे आत्मचरित्राचे दृश्य रूप, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील शब्दाबरोबर बळावली. पूर्वीच्या चित्रांचा पुरावा तिला पुरेसा आधार देत नाही. त्या चित्रांत ओळख आहे, पण ती बहुधा मागणीच्या स्वरूपात आहे: भाषा, काळ, वस्त्र, ढब, सही यांच्या निवडीतून चित्रकार स्वतःसाठी जागा मागतो. भावनाही आहे, पण मुखावरील भाव हा तिचा सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार आहे. ड्यूररचे बोट व रेम्ब्रांटने बदललेले हात अधिक विश्वासार्ह आहेत. म्हणून अभ्यासकाने चित्रकाराच्या चरित्रातील दुःखे घेऊन मुखापाशी जाऊ नये. प्रथम निवडी व दुरुस्त्या वाचाव्यात, मग मुख.

तरीसुद्धा प्रेक्षकाला त्या मुखांपुढे जे जाणवते, ते सर्व भ्रम म्हणून टाकून देता येत नाही. मराठीतील 'आपण' हे सर्वनाम येथे उपयोगी पडते. 'आपण' म्हणजे स्वतः. 'आपण' म्हणजे बोलणारा व ऐकणारा मिळून सर्व. आणि 'आपण' म्हणजे आदरार्थी समोरची व्यक्ती. चित्रकार आरशापुढे होता तेव्हा त्या दृष्टीच्या रोखात तो स्वतः होता. तो उठून गेला आणि तीच जागा आज प्रेक्षकाने घेतली आहे. ज्या डोळ्यांनी रेम्ब्रांट रेम्ब्रांटकडे पाहत होता, ते डोळे आता आपल्याकडे पाहतात. त्या जागी उभे राहून आपल्याला जे दुःख दिसते ते रेम्ब्रांटचे असेलच, असे इतिहास सांगू शकत नाही. ती जागा त्याने मोकळी करून ठेवली, एवढे मात्र निश्चयाने सांगता येते.